सुईआधी डॉप्लर

पित्ताशयात खडे आहेत का, हे बघायला साताऱ्यात सोनोग्राफी केली. खडे नव्हते, पण स्वादुपिंडामागे ‘पाण्याची गाठ, सुईने तपासणी करावी’ असा शेरा मिळाला. घरात सगळ्यांनी कॅन्सरच धरला. सांगलीचे धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, सुईचं नंतर बघू, आधी मिरजेला दाखवू.” मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून आपल्या भागातली माणसं अवघड दुखणं घेऊन मिरजच गाठतात.

तिथल्या डॉक्टरांनी कलर डॉप्लर लावला आणि काळी दिसणारी गाठ लाल-निळ्या रंगांनी भरली. आत रक्त फिरत होतं! आतडी-प्लीहेतलं रक्त यकृताकडे नेणारी पोर्टल शीर तिथे फुगली होती. ती साधारण १५ मिलिमीटरपर्यंत रुंद असते. २० च्या वर गेली की ॲन्युरिझम म्हणतात. माझी २६ होती. सीटी अँजिओग्राफीत तेच दिसलं. या फुग्यात सुई गेली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. तुमच्या रिपोर्टात यकृत-स्वादुपिंडाजवळ अशी गाठ आली, तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी डॉप्लर झालंय का, ते जरूर विचारा.

वैद्यकात अशा ॲन्युरिझमची पहिली नोंद १९५६ ची, म्हणजे आजार तसा विरळाच. सिरोसिसने शिरेतला दाब वाढला, स्वादुपिंडाला सूज आली किंवा पोटाला मार बसला की हे होऊ शकतं. काहींना जन्मजात असतं. म्हणून लिव्हरच्या तपासण्या, एंडोस्कोपी सगळं झालं. माझं लिव्हर ठणठणीत निघालं.

मी म्हटलं, काढून टाका. सर्जन नाही म्हणाले, आणि ते मला पटलं. महाधमनीच्या मानाने शिरेत दाब फार कमी, त्यामुळे ती फुटणं दुर्मीळ. त्रास नसेल, फुगा वाढत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवायचं. खरी भीती आत गुठळी होण्याची, किंवा फुग्याने पित्तनलिका दाबून कावीळ होण्याची. पोट सतत दुखू लागलं, डोळे पिवळे झाले, उलटीत रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

जेवणाने, दीर्घ श्वासानेही शिरेची रुंदी बदलते. तेव्हा फेरतपासणी शक्यतो एकाच ठिकाणी करा, उपाशीपोटी जा आणि जुनी सीडी विसरू नका. नुसत्या रिपोर्टवरून तुलना नीट होत नाही.