हवेचा फिल्टर घेताना कड बघा

छोट्या पेट्रोल इंजिनाचा हवेचा फिल्टर घेताना बहुतेक शेतकरी कागद बघतात. घड्या दाट आहेत का, जाळी मजबूत आहे का. मी आता आधी कड बघतो, मग उंची, आणि कागदाकडे शेवटी वळतो. ही सवय नुकसान सोसून लागली आहे, म्हणून लिहितो.

आमची डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात. जमीन मुरमाड. उन्हाळ्यात दोन ओळींमध्ये वीडर घातला की फुफाटा असा उठतो की पुढचं झाड दिसत नाही. वीडरचं इंजिन १९६ सीसीचं. हंगामाआधी जुना फिल्टर दाखवून दुकानातून नवा घेतला. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांना हाच देतो, हाच बसतो." बसलाही. खोक्यात गेला, झाकण लागलं, नट आवळला गेला.

हंगाम सरता सरता इंजिन ऑइल खाऊ लागलं. निळसर धूर यायला लागला, आणि दोरी ओढली तर हाताला दाबच लागेना. मिस्त्रींनी खोललं तेव्हा बोअर घासलेला आणि रिंगा झिजलेल्या निघाल्या. फिल्टरचा कागद मात्र जवळजवळ स्वच्छ होता. त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवून दाखवलं, बोटाला बारीक माती. "दादा, हवा कागदातून गेलीच नाही, बाजूनं गेली." नवा फिल्टर मूळच्यापेक्षा किंचित बुटका होता. झाकण पूर्ण आवळलं तरी त्याची रबरी कड तळाशी दाबली जात नव्हती.

मातीतले सिलिकाचे कण इंजिनाच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. आत गेले की ऑइलमध्ये मिसळून काचकागदासारखे बोअर घासत राहतात. त्यातून या जातीच्या बहुतेक इंजिनांना ऑइल फिल्टर नसतोच. ऑइल नुसतं आत उडवलं जातं, म्हणून शिरलेली घाण ऑइल काढेपर्यंत आतच फिरते. अडवणारा एकच, हवेचा फिल्टर. लॉन कापायच्या ढकलमशीनचीही बहुधा हीच गत.

दुकानात जाताना इंजिनावर कोरलेला मॉडेल नंबर मोबाइलवर टिपून न्या. एकसारख्या दिसणाऱ्या इंजिनांचे फिल्टर थोड्या मापानं वेगळे असू शकतात. जुना मूळचा फिल्टर नव्याशेजारी सपाट काचेवर ठेवा, फरक लगेच दिसतो. बसवल्यावर झाकण पुन्हा काढा आणि रबरावर चारी बाजूंनी सलग वळ उमटला आहे का ते बघा. एका बाजूला वळ नसेल तर तो फिल्टर परत करा, मग तो कितीही स्वस्त असो. पहिल्या दिवसाच्या कामानंतर फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. माती लागली तर इंजिन चालू करू नका.

सफाईतही फिल्टर मरतो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या दाबानं कागद फाटतो. हवा मारायचीच तर ३० पीएसआयच्या आत, आतून बाहेर. ब्रशनं घासलं की माती कागदात आणखी रुतते. कागदाला ऑइल कधीच नको. कागदाबाहेर स्पंज असेल तर तो साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. त्याला ऑइल लावायचं की नाही हे पुस्तिकेत बघा, कारण काही इंजिनांना ते चालत नाही. पुस्तिकेत ५० तासांनी सफाई लिहिलेली असते, पण आमच्याकडच्या धुळीत रोज संध्याकाळी उघडून बघणंच बरं. ऑइलही १०० तासांच्या आधीच बदलावं. जेमतेम ०.६ लिटर लागतं.

बसून चालवायच्या गवतकापणी मशीनला किंवा मिनी ट्रॅक्टरला डब्यासारखा ऑइल फिल्टर असतो. तिथं आटे जुळले म्हणजे झालं असं समजू नका. रबरी रिंगेचा व्यास आणि आतल्या बायपास झडपेचा दाब वेगळा असू शकतो, तेव्हा नंबर जुळवूनच घ्या. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की ऑइल बाहेर फेकलं जातं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच फिल्टर आणून ठेवा, आणि नुसत्या "बसतो" या शब्दावर पैसे देऊ नका.