सूत्रकृमींचा बंदोबस्त : निंबोळी व झेंडू

टोमॅटोला खतपाणी वेळेवर मिळूनही काही झाडे खुरटतात आणि भर दुपारी माना टाकतात. शेतकरी खताची मात्रा वाढवितो. खर्च वाढतो, पीक सुधारत नाही. असे झाड मुळांसह हलकेच उपटून पाहावे. मुळांवर गाठी आढळल्यास तो मूळगाठ सूत्रकृमीचा उपद्रव समजावा. हरभऱ्याच्या मुळांवरील उपयुक्त गाठी सहज सुटतात. या गाठी म्हणजे सुजलेले मूळच असल्याने त्या सुटत नाहीत.

अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेली सूत्रकृमीची पिले मातीतून कोवळ्या मुळांत शिरतात. एकेक मादी शेकडो अंडी घालते व उबदार जमिनीत सुमारे महिन्याभरात नवी पिढी तयार होते. एकदा कृमी मुळात शिरल्या की बाहेरून ओतलेला अर्क त्यांच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. म्हणून वनस्पतिजन्य उपाय रोपवाटिकेपासूनच योजावयास हवेत.

निंबोळ्यांची ५ किलो पूड पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळावी व एकूण १०० लिटर द्रावण करावे. हा अर्क रोपांच्या वाफ्यात ओतावा आणि लागवडीपूर्वी रोपांची मुळे त्यात बुडवावीत. त्यातील अझाडिरेक्टिन हे द्रव्य उन्हाने लवकर निष्प्रभ होते. सबब अर्क साठवून न ठेवता त्याच दिवशी सायंकाळी वापरावा. अर्काचा परिणाम अल्पकाळ टिकतो. म्हणून शेतात लागवडीपूर्वी हेक्टरी २ टन निंबोळी पेंड मिसळावी. ती सावकाश कुजते आणि कृमींना मारक द्रव्ये जमिनीत सोडीत राहते.

झेंडूची मुळेही अशीच उपयोगी आहेत. त्यांतील कृमिनाशक द्रव्य १९५८ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी वेगळे करून दाखविले. मात्र बांधावर चार झाडे लावून भागत नाही. रोगट शेतात दोन-तीन महिने झेंडूचे दाट पीक घ्यावे लागते.

या उपायांनी कृमी समूळ नष्ट होत नाहीत, त्यांची संख्या आटोक्यात येते. उन्हाळी नांगरट, ज्वारीसारख्या पिकाची फेरपालट आणि निरोगी रोपे यांची जोड आवश्यक आहे. गाठीची रोपे एका गावातून दुसऱ्या गावात गेली, तर कीडही त्यांच्याबरोबर जाते. पावसाळ्याच्या तोंडी गावोगावी निंबोळ्यांचा सडा पडतो. ग्रामपंचायतींनी व शाळांनी त्या गोळा करून सावलीत वाळविल्यास पुढील हंगामाचे औषध गावातच तयार होईल.