आधी घड्याळ बघ

सई बाळा, शेरूला काल आकडी आली हे कळलं आणि आमचा मोत्याच डोळ्यांपुढे उभा राहिला. आठ वर्षं त्याचं हे दुखणं सांभाळलं. त्यातून शिकले ते तुझ्या कानावर घालते.

आकडी सुरू झाली की आधी घड्याळ बघ. आपल्याला तास गेल्यासारखा वाटतो, पण बहुतेक आकड्या 1-2 मिनिटांत ओसरतात. 5 मिनिटांनंतरही थांबली नाही किंवा 24 तासांत दुसरी आली, तर वाट बघत बसू नकोस, तडक डॉक्टर गाठ.

तोंडात बोट, चमचा, पाणी, काही म्हणजे काही घालायचं नाही. कुत्रा जीभ गिळत नाही. पण त्याला भान नसतं, जबडा मिटला की आपलं बोट सापडतं. कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, असं सांगणारे भेटतील. त्यानं आकडी थांबत नाही आणि कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. शेरूला दाबून धरू नकोस. खुर्च्या बाजूला सार, डोक्याखाली गोधडीची घडी सरकव, जिन्याकडचं दार लाव, टीव्ही आणि दिवे बंद कर.

शुद्धीवर येताना मोत्या झिंगल्यासारखा चालायचा, भिंतीला धडकायचा. एकदा तर माझ्यावरच गुरगुरला. त्या वेळी तो आपल्याला ओळखत नसतो गं. लांबूनच हळू आवाजात नाव घेत राहा. नीट उभा राहिला, की मगच पाणी दे.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली तर वेळ चुकवू नकोस. मोत्याला फेनोबार्बिटोन होती, सकाळी 8 आणि रात्री 8, भाकरीच्या तुकड्यात. त्या गोळीनं भूक-तहान वाढते, म्हणून वजनावर लक्ष हवं आणि लिव्हरसाठी रक्त तपासावं लागतं. चार महिने आकडी आली नाही म्हणून मी एकदा आपल्या मनानं गोळी बंद केली. मग एका रात्रीत तीन आकड्या आल्या. ती चूक तू करू नकोस.

शेवटचं, कॅलेंडरवर लाल पेनानं लिहीत जा: किती वाजता, किती मिनिटं, आधी काय झालं. घरात दुसरं कुणी असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांग. डॉक्टरांसमोर शेरू शहाण्यासारखा बसेल. आकडी त्यांना तुझ्या नोंदींतूनच दिसणार.

रविवारी येतेच आहे. कालची नोंद आपण दोघी मिळून करू.