शाळेचे दप्तर आणि मुलाची प्रगती

‘दप्तर’ हा शब्द ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुलाच्या पाठीवरची पिशवी येते. परंतु मराठीत या फारसी शब्दाचा जुना अर्थ निराळा आहे. दप्तर म्हणजे जपून ठेवलेली कागदपत्रे. पेशवेकालीन कागदपत्रांच्या संग्रहाला आजही ‘पेशवे दप्तर’ असेच म्हणतात. प्रत्येक शाळेलाही असे एक दप्तर असते. मुलाचे दप्तर संध्याकाळी घरी जाते. शाळेचे दप्तर कपाटात राहते आणि मूल शाळा सोडून गेल्यानंतरही त्याच्याविषयीची माहिती सांगते. ते कोणती माहिती सांगते आणि कोणती सांगत नाही, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

जनरल रजिस्टर

प्राथमिक शाळेच्या दप्तरात हजेरीपट, निकालपत्रके, शेरेपुस्तक, शिक्षकांच्या टाचणवह्या, शालेय पोषण आहाराच्या नोंदी असे पुष्कळ काही असते. या सर्वांत मानाचे स्थान जनरल रजिस्टरचे. मूल शाळेत दाखल झाले की त्याला दाखल क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, पालकांची नावे, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख लिहिली जाते. शाळा सोडताना तारीख व कारण लिहून ती ओळ पूर्ण होते. हे रजिस्टर कायम जतन करावयाचे असते. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीची नक्कल होय.

सातारच्या शाळेतील एक ओळ सर्वांना परिचित आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाने प्रवेश घेतला. दाखल क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. ती नोंद आजही जपलेली आहे. मात्र या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी पिता येत नसे, हे रजिस्टरवरून कळत नाही. ते बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिलेल्या आठवणींवरून कळते. रजिस्टरात त्यासाठी रकानाच नव्हता.

रकान्यांबद्दल आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे गावोगावी भेटतात. ती सर्व त्याच दिवशी जन्मली असे नव्हे. जन्माची नोंद नसलेले मूल पालक शाळेत घेऊन येत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. वय पुरेसे भरावे म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवून पुढे १ जून लिहीत. गुरुजींची सोय झाली आणि मुलाला आयुष्यभरासाठी जन्मतारीख मिळाली! तुमच्या घरातही असे कोणी असण्याचा संभव आहे.

‘प्रगती : चांगली’

शाळा सोडल्याच्या दाखल्यात दोन रकाने असे आहेत, ज्यांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही : अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. त्यांपुढे बहुधा ‘चांगली’, ‘चांगली’ किंवा ‘बरी’, ‘चांगली’ असे लिहिलेले असते. चार-पाच वर्षांच्या शिक्षणाचा सारा वृत्तान्त एका शब्दात आटोपतो. पुढच्या शाळेतील शिक्षकाने त्या शब्दावरून काय समजावे?

गुणांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. समजा, तिसरीच्या एका मुलाने ४३ − १७ या वजाबाकीचे उत्तर ३४ असे लिहिले. उत्तर चूक, गुण शून्य. आता त्याची रीत पाहा. एककाच्या घरात तीनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून तीन वजा करून चार लिहिले. दशकाच्या घरात चारातून एक वजा करून तीन लिहिले. याचा अर्थ त्याला एकअंकी वजाबाकी अचूक येते, अंकांची मांडणीही समजते. अडते ते केवळ दशक सुटा करण्यापाशी. शेजारच्या मुलाने उत्तराची जागा कोरीच ठेवली. त्यालाही शून्यच. निकालपत्रकात ही दोन मुले एकसारखी दिसतात. वास्तविक पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे देऊन ते सोडवायला लावले, तर त्याची अडचण बहुधा लवकर दूर होईल. दुसऱ्याचे नेमके कोठे अडले आहे, हे आधी त्याच्याशी बोलून शोधावे लागेल.

म्हणून ‘गणित : शून्य’ यापेक्षा ‘सुटा न करता वजाबाकी येते, दशक सुटा करण्याचा सराव हवा’ ही नोंद अधिक मोलाची ठरते. वाचनाचेही तसेच. ‘वाचन कच्चे’ ही नोंद नव्हे, तो निवाडा झाला. ‘साधी वाक्ये वाचतो, जोडाक्षर आले की अंदाजाने शब्द बोलतो’ ही नोंद होय.

विचार करा : तुमच्या शालेय जीवनात एखादा विषय तुम्हांला ‘येत नाही’ असे ठरवले गेले होते काय? त्यातील नेमके काय येत नव्हते, हे तुम्हांला कोणी सांगितले होते काय?

नोंद कोणासाठी?

परीक्षेचा निकाल मुलाला कळावा, यापेक्षा तो वरिष्ठांना कळावा, ही जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून मुलांच्या परीक्षेतील यशावर शाळेचे अनुदान ठरू लागले. मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना ही पद्धत लागू झाली. तपासणीस जे विचारील तेवढेच घोटून घेणे, हा त्याचा स्वाभाविक परिणाम होता.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलाला ज्ञानाचे आकलन किती झाले आणि ते त्याला वापरता येते काय, याचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने ही पद्धत लागू केली. शिकत असताना होणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित. पहिली-दुसरीसाठी आकारिकाला ७० व संकलिताला ३० टक्के भारांश ठरला. वरच्या वर्गांत संकलिताचा वाटा वाढत जातो. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिकाची साधने आहेत. याशिवाय मुलाची विशेष प्रगती, आवड व सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी शब्दांत लिहावयाच्या असतात. यांनाच वर्णनात्मक नोंदी म्हणतात.

कल्पना उत्तम होती, आजही आहे. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची नोंद लिहिणे हे कष्टाचे काम. लवकरच वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या. त्यांतील वाक्ये उतरवून काढली की रकाने भरतात. मग एकाच वर्गातील वीस मुले ‘स्वतःचे अनुभव प्रभावीपणे सांगतात’ आणि कागद नीटनेटके दिसतात. दोष केवळ शिक्षकांना देणे योग्य नाही. जी नोंद पुन्हा कोणी वाचणार नाही, ती मनापासून लिहिणे अवघडच असते. त्यापेक्षा आठवड्याला पाच-सहा मुलांविषयी एकेक खरे वाक्य साध्या वहीत लिहिणे अधिक उपयोगाचे, असे आम्हांस वाटते.

प्रारंभी या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा, अनुत्तीर्ण मुलाला दोन महिन्यांत पुन्हा संधी आणि त्यानंतर राज्याची इच्छा असल्यास मागे ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलले. त्यामुळे चाळणी लावण्यापूर्वी मूल कोठे अडले आहे हे लिहून ठेवण्याची निकड वाढली आहे.

गाव सोडणारी मुले

नोंदीची खरी कसोटी लागते ती मूल गाव सोडते तेव्हा. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दिल्लीलगतच्या गाझियाबाद जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर परगावाहून मजूर येतात, त्यांच्या मुलांचीही हीच कथा. ऐन शाळेच्या महिन्यांत ही मुले गावाबाहेर असतात. दोन्ही शाळांच्या हजेरीपटावर नाव असूनही ती कोठेच शिकत नाहीत, असेही घडते.

कायदा येथे मुलाच्या बाजूचा आहे. मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा असतो. दाखला आणण्यास उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ही दिले जाते. मूल काय शिकले हे त्यावर लिहावे आणि नव्या शाळेने तेथून पुढे शिकवावे, असा त्याचा हेतू.

पण असे कार्ड घेऊन मूल ऊसतोडीच्या गावी पोचले आणि त्यावर केवळ ‘प्रगती : समाधानकारक’ असे लिहिले असेल, तर तेथील गुरुजींनी कोठून सुरुवात करावी? ते पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकवतील, मूल कंटाळेल, हंगाम संपल्यावर गावी परतेल, तर तेथे वर्ग पुढे गेलेला असेल. ‘दशक सुटा करण्याचा सराव हवा’ हे एक वाक्य त्या कार्डावर असते, तर निदान गणिताचे काही आठवडे वाचले असते.

मुक्त विद्यालयात नोंद वेगळ्या रीतीने तुमच्या उपयोगी पडते. येथे एका विषयात उत्तीर्ण झालात की त्या विषयाचे गुण जमा राहतात. उरलेले विषय पाच वर्षांच्या मुदतीत सोयीने देता येतात. शिक्षक तपासून परत देतात त्या स्वाध्यायावरचे शेरे मात्र बरेच जण वाचत नाहीत, केवळ गुण पाहतात. ते शेरे एका वहीत उतरवून ठेवा.

कृती

तुमचा शाळा सोडल्याचा जुना दाखला घरात असल्यास शोधून काढा. नसल्यास पहिल्या शाळेत अर्ज करून त्याची दुसरी प्रत मिळण्याविषयी चौकशी करा. जनरल रजिस्टरात तुमची ओळ असेल. अभ्यासातील प्रगतीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा. त्या वयात तुम्हांला खरोखर काय येत होते आणि नेमके कोठे अडत होते, ते पाच वाक्यांत लिहा. मुलाखालची किंवा मुलीखालची सही करण्याऐवजी, तुम्ही स्वतःच त्या वर्गाचे शिक्षक आहात असे समजून लिहा.