हिंजवडीपलीकडची वाट: सांध्यांवरील भार मोजणारे शास्त्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुळशी तालुक्यातील पालक दरवर्षी एकच प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे येतात, तो म्हणजे संगणक अभियांत्रिकीला प्रवेश कोठे मिळेल. हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात उभे असल्यामुळे ही धडपड समजण्याजोगी असली, तरी कंपन्या घराजवळ आहेत एवढ्यावरून मुलाची शाखा ठरवणे चुकीचेच आहे. नेहमीच्या वाटांची माहिती प्रवेशपुस्तिकांत मिळते. येथे विचार करायचा आहे तो जैवयांत्रिकीचा, म्हणजे हालचालीमुळे हाडांवर व सांध्यांवर येणाऱ्या बलांच्या अभ्यासाचा.

झिजलेल्या गुडघ्याच्या जागी बसवलेला धातू-प्लास्टिकचा कृत्रिम सांधा रोजच्या व्यवहारात किती भार सोसतो, हे बाहेरून केवळ गणिताने अजमावता येते. प्रत्यक्ष मोजायचे तर मापक सांध्याच्या आतच असावा लागतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने कृत्रिम सांध्यात ताणमापक, म्हणजे धातू किंचित दबला तरी ज्यांचा विद्युतरोध बदलतो अशा पातळ पट्ट्या बसवल्या, बॅटरीऐवजी पायाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून त्यांना वीज पुरवली आणि मोजमापे रेडिओलहरींद्वारे बाहेर घेतली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच रुग्णांच्या मापनानुसार गुडघ्यावरील सर्वाधिक भार सपाट जमिनीवर चालताना सरासरी शरीराच्या वजनाच्या २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना ३.५ पट भरला. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा गुडघा जिना उतरताना दोनशे किलोंहून अधिक भार पेलतो, कारण शरीराच्या वजनात सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या ओढीची भर पडते.

त्या अभ्यासातील आठ हालचालींत मांडी घालून बसणे नव्हते आणि उकिडवे बसणेही नव्हते. ताम्हिणीच्या बाजूला भातलावणी करणाऱ्या, चुलीपुढे व देवघरात जमिनीवर बसणाऱ्या माणसांच्या सांध्यांसाठी ही उणीव लहान नाही. पुण्याचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या बसण्याच्या सवयी लक्षात घेऊनच ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. मात्र अशा बैठकींत सांध्यावर नेमके काय घडते, हे मोजणारी माणसे याच मातीतून तयार व्हायला हवीत.

या क्षेत्राकडे मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन अभियांत्रिकीनंतर जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणातून जाता येते, आणि आयआयटी मुंबईत तशी सोय आहे. फिजिओथेरपी ही दुसरी वाट, तर कृत्रिम अवयव व आधारसाधने यांचे पदवीशिक्षण मुंबईत हाजी अलीच्या केंद्रीय संस्थेत मिळते. अडसर बहुतेक वेळा घरातच असतो. अकरावीला ‘गुण बुडतील’ म्हणून जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक विषय पालक परस्पर सोडायला लावतात, आणि शरीर व यंत्र या दोहोंत रस असलेल्या मुलाची अर्धी समज तेथेच छाटली जाते. दोन्ही विषय झेपत असतील तर ते ठेवण्याचा निर्णय मुलाचा असावा, शेजारच्या घरातील पगाराच्या आकड्याचा नव्हे. येथे नोकऱ्या थोड्या आहेत, पदवीवर भागत नाही आणि शिक्षण लांबते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिल्याच पगारातून शैक्षणिक कर्ज फेडायचे असलेल्या कुटुंबाने ही वाट डोळे झाकून धरू नये.

बर्लिनच्या गटाची मोजमापे ‘ऑर्थोलोड’ या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. त्यातील चालण्याचा एक आलेख घ्यावा, अकरावीच्या भौतिकशास्त्रातील बल व आघूर्ण यांच्या आधारे तो भार कोठून आला हे स्वतः मांडून पाहावे, आणि सुट्टीचा आठवडा त्यात गेल्यावरही विद्यार्थ्याला पुढचे प्रश्न पडत असतील, तर प्रवेशअर्जातील पसंतीक्रम पालकांनी नव्हे, त्याने भरावा.