यंत्रमानव आणि वेठ

‘रोबोट’ हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. पण अर्थ विचारला असता वर्गातील हुशार विद्यार्थीसुद्धा ‘लोखंडी माणूस’ एवढेच उत्तर देतात. वास्तविक हा शब्द लोखंडाचा नाही, श्रमाचा आहे. कारेल चापेक ह्या चेक नाटककाराने 1920 साली एक नाटक प्रसिद्ध केले. त्यात कारखान्यात तयार होणारे कृत्रिम मजूर आहेत, आणि ते लोखंडाचे मुळीच नाहीत. त्यांना नाव काय द्यावे असा प्रश्न पडला तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ ह्याने ‘रोबोट’ हा शब्द सुचविला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाची चाकरी. हिलाच आपण वेठबिगार म्हणतो. गंमत अशी की, वेठ हा संस्कृतातील ‘विष्टि’चा वंशज आणि बिगार हा फारशीतून आलेला, दोन भाषांचे मराठीत असे लग्न लागले, ते फुकटच्या श्रमाच्या मांडवात! आमच्या तेलंगणात तिला वेट्टी म्हणत, आणि 1946 साली पेटलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्याच्या कारणांत ही वेट्टी प्रमुख होती.

शब्दाची ही कुळकथा सांगण्याचे कारण एवढेच की, यंत्रमानव चांगला की वाईट ह्या वादात आपण पुष्कळदा नुसते यंत्राकडे पाहतो. तो कोणाच्या डोक्यावरची वेठ उचलतो आणि ती उचलल्यावर त्या माणसाच्या पदरी काय पडते, हे पाहिल्याशिवाय त्या वादाला अर्थ नाही.

कल्पना तशी जुनी आहे. अल्-जझारी नावाच्या कुशल यंत्रकाराने दियारबकरच्या दरबारी असताना 1206 साली आपला यंत्रविषयक ग्रंथ पुरा केला. त्याच्या राजाला वजूच्या वेळी नोकराने हातावर पाणी घालावे हे रुचत नसे. म्हणून जझारीने आपोआप पाणी ओतणारी यंत्राची आकृती रचली. राजाच्या मनात नेमके काय होते ते अल्लाच जाणे, पण नोकराचे एक काम यंत्राने करावे ही इच्छा मात्र आठशे वर्षांपूर्वी अशी कागदावर आली.

कारखान्यातील पहिला यंत्रमानव ‘युनिमेट’ हा 1961 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. जॉर्ज डेव्हॉल ह्यांनी त्याची कल्पना 1954 साली पेटंटसाठी नोंदविली होती, आणि जोसेफ एंगलबर्गर ह्यांनी तिचा धंदा उभा केला. त्याला ना डोके होते ना पाय. होता तो एक अजस्र हात. साच्यातून निघालेले धगधगीत धातूचे भाग उचलून बाजूला ठेवावयाचे, हे त्याचे काम. भाजण्याचे व धुराचे हे काम माणसाकडून काढून घेतले ह्यात वाईट काही झाले असे कोणी म्हणणार नाही. आज पुण्याजवळ चाकणला मोटारींच्या सांगाड्यांना झाळकाम करणारे असेच हात आहेत. मात्र ह्या हाताला दिसत नाही तोपर्यंत तो आंधळाच. 1979 च्या जानेवारीत मिशिगनमधील एका ओतकारखान्यात सुटे भाग आणण्यासाठी वर चढलेल्या कामगाराला अशाच एका यंत्राचा तडाखा बसून तो जागीच मेला. आता अशा हातांभोवती जाळीचे कुंपण घालतात, किंवा माणूस जवळ येताच ते थांबतील अशी सोय करतात.

बेकारीची भीती खोटी नाही. हातमागावर बसणाऱ्या आमच्या मोमीन बांधवांना यंत्रमाग आल्यावर काय सोसावे लागले, हे मालेगाव-भिवंडीत कोणीही सांगेल. ज्याच्या मालकीचा यंत्रमाग झाला तो तरला. ज्याला दुसऱ्याच्या मागावर पाळी करावी लागली त्याची दगदग तशीच राहिली. तेव्हा यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न यंत्र किती शहाणे ह्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

पण काही कामे अशी असतात की ती गेल्याचे दुःख करणे हेच पाप होय. अरबी आखातातील उंटांच्या शर्यती ह्याचे उदाहरण. स्वार जितका हलका तितका उंट वेगवान. म्हणून पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतून गरिबांची लहान लहान मुले आणून उंटावर बांधली जात, आणि वजन वाढू नये म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवले जाई. जगभर टीका झाल्यावर 2005 साली कतार आणि संयुक्त अरब अमिराती येथे मुलांच्या जागी यंत्रस्वार बसविण्यात आले. यंत्रस्वाराच्या हाती दूरून फिरवावयाचा चाबूक असतो, आणि मालक धावपट्टीच्या कडेने मोटार हाकीत त्याला हुकूम देतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या मदतीने एक हजाराहून अधिक मुले अमिरातींतून मायदेशी परत गेली. आमच्या मते यंत्रमानवाच्या इतिहासात इतके निर्भेळ पुण्याचे काम दुसरे नाही. आणि हे व्हावयास कायदाही लागला, हे विसरू नये. नुसते यंत्र मिळत होते म्हणून मुले सुटली नाहीत.

आता आपल्या घराजवळचे पाहू. गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरविणे ही आपल्या समाजातील सर्वांत वाईट वेठ, आणि ती जातीने वाटून दिलेली. टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास येतो हे आम्ही वर्गात शिकवितोच. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला काढावयास दुसरा धावतो, तोही परत येत नाही.

केरळातील तरुण इंजिनियरांनी ह्यासाठी ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव तयार केला आणि 2018 साली तो तिरुवनंतपुरमला कामास लागला. बँडिकूट म्हणजे आपली घूस. हा इंग्रजी शब्दही मूळचा तेलुगू ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुकरासारखा उंदीर. यंत्राचा एक भाग वर रस्त्यावर राहतो, दुसरा मॅनहोलमधून खाली जातो, भिंतींना पाय टेकतो आणि बादलीने गाळ उपसतो. त्याला कॅमेरे आहेत, वायू ओळखणारी साधने आहेत. वर उभा असलेला कामगार पडद्यावर पाहून तो चालवितो. ज्यांनी आयुष्यभर गटारे उपसली अशा कामगारांनाच हे यंत्र चालविण्याचे शिक्षण दिले गेले, ही गोष्ट आम्हांला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्या हैदराबादेत पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाने 2017 साली अरुंद गल्लीत शिरणाऱ्या 70 छोट्या गाड्या आणल्या. त्या यंत्रमानव नव्हेत, पाण्याच्या जोराने गटार मोकळे करणाऱ्या गाड्या आहेत. परंतु माणूस वर राहतो हे मुख्य.

एवढे असूनही माणसे अजून खाली उतरतात आणि मरतात. 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मृताच्या कुटुंबास 10 लाख रुपये देण्यास सांगितले, आणि 2023 साली ती रक्कम 30 लाख केली. पण सरकारी गटाराचा प्रश्न सरकारवर सोपविला तरी आपल्या घरामागच्या टाकीचे काय? तुंबली की आपणच नाक्यावरून कोणाला तरी बोलावतो, दोन-चार हजारांचा सौदा करतो आणि खिडकी लावून घेतो. 2013 चा कायदा केवळ नगरपालिकेला नाही, प्रत्येक इसमाला लागू आहे. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे सभासदांपैकी कितीजणांना ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही येथे मुद्दाम विचारतो.

ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे आमच्या दोन सूचना आहेत. ट्रस्टच्या इमारतीची टाकी साफ करण्याच्या करारात ‘कोणीही इसम आत उतरणार नाही, शोषकयंत्राची गाडीच आणली जाईल’ असे एक कलम घालावे, आणि सभासदांनीही आपापल्या घरी तोच नियम पाळावा. दुसरी सूचना शिष्यवृत्तीची आहे. दरवर्षी ज्या शिष्यवृत्त्या आपण देतो त्यांतील निदान दोन, सफाई कामगारांच्या मुलामुलींना आयटीआयत यंत्रे चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण घेण्यासाठी राखून ठेवाव्यात. अर्ज भरण्यास व कागदपत्रे जमविण्यास आम्ही शिक्षक मंडळी शाळेत बसून मदत करू. रविवारी सकाळी सोयीचे पडेल.