बिनतारी संचाची शक्ती वाढवावी काय?

तारेवाचून परस्परांशी बोलण्याची जी लहान यंत्रे बाजारात मिळतात, त्यांपैकी एका जातीस ‘सिटिझन बँड’ संच, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी राखलेल्या लहरींवर चालणारा संच, असे नाव आहे. संक्षेपाने त्यास सी. बी. संच म्हणतात. अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी या कामी खुल्या झाल्या, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील मालमोटारींच्या चालकांत हा संच फार लोकप्रिय झाला. आपल्या देशात २००५ च्या नियमांन्वये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्यावाचून बोलण्याची मुभा आहे. मात्र प्रक्षेपित शक्ती ५ वॉटहून अधिक नसावी व एरियल संचातच बसविलेले असावे, अशा दोन अटी आहेत.

असा संच ज्या मुलाच्या हाती येतो, त्यास पहिल्या दिवशी अपूर्वाई वाटते आणि आठवड्याच्या आत असंतोष. नागपुरातून कामठीस बोलू जावे, तो आवाज वाटेतच विरून जातो. मग कोणीतरी सांगतो, की आतील एक-दोन स्क्रू फिरविले अथवा बाहेरून शक्तिवर्धक जोडला, म्हणजे तोच संच दसपट दूर बोलेल. वरच्या वर्गातील कित्येक मुलांनी मला याविषयी विचारले आहे, आणि नुसते ‘करू नका’ हे उत्तर विज्ञान शिकविणाऱ्यास शोभत नाही. सबब गणितापासूनच आरंभ करू.

दिव्याचा प्रकाश जसा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मंद होतो, तशीच बिनतारी लहरही मंद होते. म्हणजे मोकळ्या अवकाशात पल्ला दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते. जमिनीलगत अवस्था याहून बिकट. भूमीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीस बाधक होते, आणि सपाट प्रदेशात पुष्कळदा दुप्पट पल्ल्यासाठी सोळापट शक्ती खर्ची पडते. स्क्रू फिरवून ४ वॉटचे ६ वॉट झाले असे समजा. शक्ती दीडपट झाली खरी, पण या हिशेबाने पल्ला जेमतेम एक दशांशाने वाढला. शंभर वॉटचा शक्तिवर्धक जोडला, तर पंचवीसपट शक्तीचे फळ म्हणून पल्ला सव्वादोन पट होईल. दसपटीची गोष्ट राहिली बाजूलाच.

उलट, उंचीचे गणित पाहा. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्यास ४.१२ ने गुणिले, की बिनतारी लहरीचे क्षितिज किलोमीटरांत मिळते. जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातातील संच सुमारे १.५ मीटर उंच असतो; त्याचे क्षितिज ५ किलोमीटर. दोघे मित्र जमिनीवर असतील, तर दोहोंची बेरीज १०. आता एकाने ९ मीटर उंचीच्या गच्चीवर जावे. ९ चे वर्गमूळ ३, त्यास ४.१२ ने गुणून सुमारे १२.४, त्यात मित्राचे ५ मिळविले, की १७ किलोमीटरांहून अधिक होतात. कामठी पंधरा-सोळा किलोमीटरांवर आहे! हे हिशेब मोकळ्या मैदानाचे असून घरे, झाडे व संचातील आखूड एरियल यांमुळे प्रत्यक्षात पल्ला कमी पडतो, हे मान्य. तथापि जिन्याच्या पायऱ्या चढण्यास दमडी पडत नाही, आणि त्याने कोणताही नियम मोडत नाही.

यात सूर्याचाही हात असतो. सूर्यावरील डागांचे प्रमाण सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढते व ओसरते. ते वाढलेले असता वातावरणाच्या अत्युच्च थरांतून २७ मेगाहर्ट्झची लहर परावर्तित होऊन शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरांवर उतरते. अशा दिवशी ५ वॉटचा आवाजही समुद्रापार जातो, आणि इतर दिवशी शंभर वॉटचा आवाज शेजारच्या तालुक्यातही पोचत नाही. होरेब डोंगरावर एलीयाला परमेश्वर वाऱ्यात किंवा भूकंपात आढळला नाही, हे आपण बायबलच्या तासाला वाचलेच आहे.

आता अपायाकडे वळू. संच बनविणारा कारागीर आत दोन पहारेकरी बसवून ठेवतो. एक पहारेकरी बोलणाऱ्याच्या आवाजास मर्यादा घालतो. त्यास काढून टाकले, की लहर मधूनमधून तुटते, शब्द फाटतात, आणि त्यांचे तुकडे शेजारच्या वाहिन्यांवर जाऊन पडतात; म्हणजे मोठ्याने बोलण्याच्या नादात आपणच दुर्बोध होतो. दुसरा पहारेकरी म्हणजे गाळणी. कोणताही प्रक्षेपक मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांच्या उपलहरी उत्पन्न करीत असतो. चांगली गाळणी त्यांस दशलक्षांशावर आणते. ५ वॉटच्या संचातून मग उपलहरीची अवघी ५ दशलक्षांश वॉट शक्ती बाहेर पडते. स्वस्त शक्तिवर्धकात गाळणी बहुधा नसतेच. त्यातून उपलहर सहस्रांशाने जरी निसटली, तरी १०० वॉटला ०.१ वॉट होते. म्हणजे मूळच्या वीस हजार पट!

ही उपलहर कोठे जाऊन पडते, हे प्रत्येकाने स्वतः गुणाकार करून पाहावे. २७.२ ला ४ ने गुणिले असता १०८.८ येतात. १०८ मेगाहर्ट्झपासून पुढे विमानांना धावपट्टीची दिशा दाखविणाऱ्या लहरींचा पट्टा सुरू होतो. त्याच २७.२ ला ५ ने गुणिले, तर १३६ येतात. ११८ ते १३७ या पट्ट्यात वैमानिक व नियंत्रक परस्परांशी बोलतात. नागपूरकराने हा गुणाकार विशेष लक्षपूर्वक करावा. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री आपल्याच शहरी एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत. आजही देशाचे कित्येक हवाई मार्ग आपल्या डोक्यावरून जातात. गच्चीवर बसून शक्तिवर्धकाचे बटण दाबणाऱ्या मुलास आपली उपलहर कोणाच्या कानी पडली, हे कधीच कळत नाही. या सर्व प्रकारात मला अधिक भयावह वाटते, ती ही गोष्ट. स्वतःचा हात भाजला तर निदान समजते तरी.

हातही भाजतोच. १०० वॉट बाहेर टाकणारा शक्तिवर्धक साधारणपणे तितक्याच शक्तीची उष्णता करतो, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १५ अँपिअर प्रवाह ओढतो. मूळ संचाची बारीक तार एक-दोन अँपिअरसाठी असते. ती तापते, तिचे वेष्टण वितळते, आणि मोटारीत आग लागते. जुन्या पद्धतीच्या, काचेच्या दिव्यांच्या शक्तिवर्धकांत शेकडो व्होल्ट असतात, व वीज बंद केल्यावरही धारित्रात तो भार राहून प्राणघातक धक्का बसू शकतो. अमेरिकेत या सर्व उपद्रवांचा इतका सुळसुळाट झाला, की १९७८ मध्ये तेथील सरकारने या लहरींच्या शक्तिवर्धकांच्या विक्रीवरच बंदी घातली.

येथे एखादा चलाख विद्यार्थी विचारील, की १९४२ च्या ‘काँग्रेस रेडिओ’चे काय? तोही बेकायदेशीरच होता. प्रश्न रास्त आहे. उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईहून ४२.३४ मीटर लहरीवर बोलत. दिशाशोधक यंत्रे बसविलेल्या गाड्या मागावर असत, म्हणून त्यांना वारंवार जागा बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी त्यांना गाठले. त्या मंडळींनी शिक्षेची पूर्ण जाणीव ठेवून परतंत्र देशासाठी ते कार्य केले. कामठीच्या मित्रास क्रिकेटचे धावफलक कळविण्यासाठी तोच दाखला देणे मला थट्टेचे वाटते. शिवाय, आवाज जितका मोठा, तितका तो शोधणाऱ्यास सोपा, हेही त्या इतिहासातून दिसते.

मोठ्या शक्तीचे मला वावडे नाही. १९८८ मध्ये आकाशवाणीने राष्ट्रीय वाहिनी सुरू केली, ती नागपूरच्या १००० किलोवॉट प्रक्षेपकावरून. देशाच्या मध्यभागी असल्याचा हा लाभ. आपल्या सी. बी. संचाच्या दोन लक्ष पट ही शक्ती! परंतु तिला १५६६ किलोहर्ट्झ ही स्वतःची लहर नेमून दिलेली होती, आणि यंत्रावर रात्रंदिवस जाणते अभियंते होते. ती वाहिनी २०१८ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला.

विद्यार्थ्यासही अधिक शक्तीचा रीतसर मार्ग मोकळा आहे. हौशी बिनतारी चालकाची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. तीत विद्युत्शास्त्र व नियम यांचे प्रश्न असतात. खालच्या श्रेणीच्या परवान्यास मोर्सची अट नाही व ५० वॉटपर्यंत मुभा मिळते. वरच्या श्रेणीस मोर्स लागते व मर्यादा ४०० वॉटची आहे. सी. बी. च्या अगदी शेजारी, २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ, हा हौशी चालकांचा पट्टा आहे. तेथे एरियल स्वतः बांधावे, गाळणी स्वतः गुंडाळावी, कोणी अडवीत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे नेहमीचे संपर्क तुटले, तेव्हा योगायोगाने तेथे आलेल्या हौशी चालकांनीच पोर्ट ब्लेअरहून बातम्या बाहेर पोचविल्या.

परीक्षेची तयारी होईपर्यंत दिवाळीच्या सुटीत एक प्रयोग करावा. दोन्ही संच न उघडता वापरावेत, बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असाव्यात. एकाने प्रथम अंगणात, नंतर पहिल्या मजल्यावर, शेवटी गच्चीवर उभे राहावे. दुसऱ्याने वडील माणसाबरोबर कामठी रस्त्याने दूर जात, प्रत्येक खेपेस शब्द कोठे कळेनासे झाले, त्या ठिकाणाचे अंतर टिपून घ्यावे. वहीत उंची, तिचे वर्गमूळ व पल्ला असे तीन रकाने आखून मजकडे आणावेत. आलेख आपण वर्गात काढू.